हूप केवढा घ्यावा? आधी कागद कापा

डिचोलीच्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्या नऊ वर्षे घरी ब्लाउज शिवतात आणि भावाच्या ओळखीने कळंगुटच्या दोन हॉटेलांच्या गणवेशांचे कामही अधूनमधून येते. आता एम्ब्रॉयडरीची मशीन घ्यायची आहे. तिच्यात कापड हूपमध्ये, म्हणजे ते ताणून धरणाऱ्या चौकटीत, लावून भरतात. दुकानदार म्हणतो, १०० × १०० मिलिमीटरची घ्या, घरच्या कामाला रग्गड झाली. नवरा म्हणतो, एकदाच पैसे घालायचे तर २०० × २८० ची घे. दीर म्हणतो, सेकंडहँड का होईना, पण मल्टीनीडल, म्हणजे अनेक सुयांची, घे म्हणजे कटकटच मिटली. त्यांचे विचारणे एवढेच, की हूप नेमका केवढा लागतो आणि मोठा हूप असला की लहान काम त्यात आपोआप होते की नाही.

तिघांचेही थोडे थोडे खरे आहे, म्हणून तर ताईंची झोप उडाली असणार. मी फोंड्यात सतरा वर्षे हेच काम करते. आजवर तीन मशीन झाल्या. पहिली चुकीची घेतली होती, तिच्याबद्दल पुढे सांगते. आधी कात्री आणि जुने वर्तमानपत्र घेऊन बसा.

कागदाचे चार तुकडे कापा: १० × १० सेंटिमीटर, १३ × १८, २० × २८ आणि २० × ३६. ही मापे मी मनाने काढलेली नाहीत. बाजारातल्या मशीन साधारण याच पायऱ्यांवर थांबतात. लहान घरगुती मशीन १०० × १०० ला थांबते. ब्रदरची एफ४४०ई १३० × १८० पर्यंत जाते, जानोमेची मेमरी क्राफ्ट ४५०ई २०० × २८० पर्यंत, आणि ब्रदरची दहा सुयांची पीआर१०५५एक्स २०० × ३६० पर्यंत. आता गेल्या दोन-तीन महिन्यांत हातून गेलेली कामे वहीत बघा. त्यातल्या ज्या ज्या कपड्यावर गिऱ्हाइकाने भरतकाम मागितले, किंवा मागितले असते तर तुम्ही दिले असते, तिथे नेमका कुठला कागद बसतो ते टाचणी लावून पाहा. डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका. डोळ्याला १३ सेंटिमीटर नेहमी १० च दिसतात.

माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव सांगते, तुमचा थोडा वेगळा असेल. हॉटेलच्या शर्टावर छातीवरचा लोगो ७५ ते ९० मिलिमीटर रुंद असतो, तो सर्वांत लहान कागदात मावतो. खिशावरचे नाव मावते. फुटबॉल क्लबच्या जर्सीवरचे चिन्ह मावते. भजनी मंडळाच्या उपरण्याच्या कोपऱ्यातला छोटा ओंकारही मावतो. पण टॉवेलवर हॉटेलचे पूर्ण नाव आले, की ते १० सेंटिमीटरच्या बाहेर जाते आणि १३ × १८ आडवा धरावा लागतो. चर्चच्या अल्टारवरच्या कापडावर क्रूस आणि अक्षरांचे जे चिन्ह मागतात, तेही बहुतेक १३ × १८ मध्येच येते.

ब्लाउजचे गणित मात्र निराळे आहे आणि तुमचे मुख्य काम तेच आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

कोपरापर्यंतच्या बाहीचा घेर तयार मापात २८ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे अकरा इंच. बाहीच्या मोहरीला, म्हणजे खालच्या कडेला, सलग काठ भरायचा तर १३ × १८ च्या हूपमध्ये तो दोनदा कापड लावून होतो आणि मध्ये जोड येतो. १० × १० मध्ये तीनदा लावावे लागते. २० × २८ मध्ये तो एकदाच होतो. त्याहून मोठी सोय म्हणजे त्यात दोन्ही बाह्या एकाच वेळी होतात. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, एका चतुर्थीच्या गर्दीत सुचली. दोन्ही बाह्या कापडावर मोहरीला मोहरी लावून, एकमेकींकडे तोंड करून आखायच्या. एका बाहीचा काठ साडेसात सेंटिमीटर, मग दोघींच्या दुमडीसाठी मध्ये दोन आणि दोन असे चार, मग दुसरीचा काठ साडेसात. एकूण १९ सेंटिमीटर झाले, हूपची रुंदी २०. दुसऱ्या बाहीचे डिझाइन १८० अंशांत फिरवायचे, एवढे मात्र विसरायचे नाही. मी एकदा विसरले आणि एका बाहीवरचे मोर डोके खाली करून चालू लागले. काठाची लांबी २६ किंवा २६.५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे शिवणीत फूल चिरडत नाही. साडीच्या ब्लाउजपीसला काठ असेल आणि तोच बाहीला घ्यायचा असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण काठ कापडाच्या कडेला असतो. साध्या पीसवर ती हटकून चालते.

पाठीचेही तसेच. मटका गळा किंवा खोल गोल गळा घेतला, की गळ्याची रुंदी १६-१८ आणि खोली २० ते २३ सेंटिमीटर. त्याच्या भोवती दोन बोटांचे भरतकाम आले, की २० × २८ चा कागदसुद्धा कमी पडतो. तिथे डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या भरून मध्यभागी खाली जोड द्यावा लागतो. तो जोड फुलाच्या किंवा पदकाच्या खाली लपवता येतो, कारण तिथे एकच जागा जुळवायची असते. १३ × १८ वर त्याच गळ्याला चार जोड येतात आणि चौथ्यापर्यंत पोचेपर्यंत पहिल्याची चूक साठत साठत मोठी झालेली असते.

म्हणून ब्लाउजवालीने २० × २८ घ्यावा असे मी म्हणते. यात दुकानदाराशी माझा वाद नाही. त्याच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइके मुलांच्या फ्रॉकवर फुलपाखरू काढणारी असतात आणि त्यांना १०० × १०० पुरतो.

आता माझ्या पहिल्या मशीनची गोष्ट. ती १०० × १०० ची होती. दुकानदाराने सोबत एक लांब हूप दाखवला, १०० × १७० चा. ‘बघा, मोठे कामही होते,’ म्हणाला. खोटे बोलला असे म्हणता येत नाही, पण अर्धेच बोलला. त्या लांब हूपच्या कडेला अडकवायच्या जागा तीन होत्या. मशीनचा हात मात्र दहा सेंटिमीटरच सरकत होता. म्हणजे हूप लांब झाला तरी सुई पोचेल तो चौकोन तेवढाच राहतो. आधी वरचा भाग भरायचा, मग हूप काढून पुढच्या खाचेत अडकवायचा, मग खालचा भाग. कापड हूपमधून सुटत नाही, हा फायदा खरा आहे, पण डिझाइनचे तुकडे आपणच पाडायचे असतात आणि खाचेत जरासाही हलका खेळ असला की जोडात फट दिसते. माझ्या पहिल्या मोठ्या कामात ती दीड मिलिमीटर होती. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. केशरी वेलीच्या मधोमध पांढरी रेघ दिसली, तेव्हा त्या बाईंनी पैसे दिले, पण पुन्हा आल्या नाहीत.

मशीन बघायला जाल तेव्हा हूप केवढा आहे ते विचारू नका. ‘एका बैठकीत सुई किती बाय किती मिलिमीटर भरते?’ असे विचारा. डब्यावर हूपचे बाहेरचे माप लिहिलेले असते आणि भरण्याचे क्षेत्र त्याहून बरेच लहान असते. मशीनचा पाय हूपच्या कडेवर आपटू नये म्हणून चारी बाजूंनी जागा सोडावी लागते. आणखी एक चिल्लर वाटणारी पण रडवणारी गोष्ट: चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. इंचात काढलेले चार इंची डिझाइन १०० मिलिमीटरच्या मशीनवर टाकले, की मशीन ते घेतच नाही, आणि आपण पेनड्राइव्ह खराब झाला म्हणून तो काढून फुंकत बसतो. डिझाइन मशीनवरच लहान करता येते, पण दहा-वीस टक्क्यांच्या आतच. त्याहून जास्त लहान केले तर बहुतेक घरगुती मशीन टाक्यांची संख्या तीच ठेवून त्यांना जवळ जवळ कोंबतात. मग कापड पुठ्ठ्यासारखे होते आणि सुई मोडते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोठ्या हूपमध्ये लहान काम होते, पण ते चांगले होत नाही. हूप जेवढा मोठा तेवढे मधले कापड सैल, कारण ताण कडेला असतो आणि काम मध्यावर. सुई वर येताना कापडाला थोडे उचलते, खाली जाताना दाबते. मोठ्या हूपमध्ये ते कापड झोळीसारखे वरखाली होत राहते. त्यातून दोरा तुटतो, टाका सुटतो आणि लोगोभोवती सुरकुत्या पडतात. इस्त्रीने त्या जात नाहीत, धुतल्यावर वाढतात. त्यामुळे डिझाइन ज्या सर्वांत लहान हूपमध्ये बसेल तोच लावायचा. याचा साधा अर्थ असा, की २०० × २८० ची मशीन घेताना सोबत एक लहान हूपही घ्यायचाच. १०० × १०० किंवा १४० × १४०, त्या मशीनला जो येतो तो. काही मशीनबरोबर तो मिळतो, काहींचा वेगळा घ्यावा लागतो. मशीन घेतानाच घ्या, म्हणजे किमतीत ओढाताण करता येते. नंतर तोच हूप मागवायला गेलात की दुकानदार वेगळ्याच सुरात बोलतो.

कापड बरोबर ताणले की नाही ते कसे कळणार? सुती किंवा रेशमी कापड असेल तर हूपमध्ये लावून बोटाने टिचकी मारा. घुमट वाद्यावर हलकी थाप पडल्यासारखा आवाज आला पाहिजे. होजियरीचा टी-शर्ट मात्र असा ताणायचा नाही. तो ताणून भरला तर हूपमधून काढल्यावर कापड मागे येते आणि लोगो फुगतो. टी-शर्टाला खालून कट-अवे स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार देणारा जो थर भरून झाल्यावर भोवतीने कापून काढतात आणि डिझाइनखाली कायम राहतो, तोच घाला. फाडून काढायचा टिअर-अवे सुती शर्टाला चालतो, होजियरीला नाही. टॉवेलला वरून पाण्यात विरघळणारा पातळ थर ठेवला नाही तर टॉवेलचे लूप अक्षरांतून डोके वर काढतात. हॉटेलच्या कामाला रेयॉनचा दोरा वापरू नका, दिसायला कितीही रेशमी असला तरी. हॉटेलची धुलाई ब्लीचने होते, तिथे पॉलिएस्टरच टिकतो.

कधी कधी काम कागदापेक्षा थोडेसेच मोठे निघते. समजा २० सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच नाव लिहायचे आहे आणि हाताशी १३ × १८ चाच हूप आहे. तो कर्णावर २२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे नाव साधारण ३२ अंश तिरके केले की बसते. मात्र मग कापडही हूपमध्ये तितकेच तिरके लावावे लागते आणि तिरक्या धाग्यावर कापड ताणले जाते. कॅनव्हासच्या पिशवीला चालेल, शिफॉनला अजिबात नाही. ही वाट अडल्यानडल्याची आहे, तिच्या भरवशावर लहान मशीन घेऊ नये.

आता दिरांचे म्हणणे. मल्टीनीडलचा खरा फायदा सुयांपेक्षा तिच्या हातात आहे. घरगुती मशीनचा सुईखालचा भाग सपाट असतो, हूप त्यावर आडवा सरकतो. मल्टीनीडलचा हात बारीक आणि मोकळा असतो, खाली काही नसते. त्यामुळे शिवून तयार झालेला शर्ट, बंद बाही, पिशवी, टोपी तिच्यावर चढवता येते. टोपीला वेगळी फ्रेम लागते, ती सपाट मशीनवर येत नाही. सपाट मशीनवर तयार शर्टाची छाती भरायची तर बाकीचा शर्ट चारी बाजूंनी गुंडाळून, चिमटे लावून बाजूला ठेवावा लागतो. नजर हटली की बाहीचे टोक सुईखाली जाते आणि शर्टाची छाती पाठीला शिवली जाते. हे एकदा प्रत्येकीचे होते. माझे दोनदा झाले.

पण तुम्ही स्वतः शिवता. म्हणजे कापण्याआधी भरता येते, आणि हा फायदा लोगोवाल्या दुकानांना नसतो. अखंड कापडावर आखायचे, भरायचे, मगच कापायचे. आखताना हूपच्या पकडीला चारी बाजूंनी निदान दोन इंच कापड राहील असे बघायचे. साडीसोबत ८० सेंटिमीटरचा पीस येतो. त्यावर पाठ कोपऱ्यात आखली तर हूपला धरायला काही उरत नाही आणि मग कडेला फालतू कापडाची पट्टी जोडावी लागते. पाठ मध्यावर, बाह्या एका अंगाला, पुढचे भाग दुसऱ्या अंगाला, असे आखून बघा. हॉटेलचे गणवेश तुम्हीच शिवून देत असाल तर त्यांनाही हेच लागू. ते लोक बाजारातून तयार शर्ट आणून तुमच्याकडे लोगोपुरते देत असतील, आणि तेही महिन्याला तीस-चाळीस, तेव्हा मल्टीनीडलचा विचार सुरू करा. सेकंडहँड घेताना पडद्यावर एकूण टाक्यांचा आकडा बघा, बहुतेक मशीनवर तो सापडतो. तिचे हूप अजून बाजारात मिळतात का ते विचारा आणि मेकॅनिक गोव्यात आहे की बेळगावहून बोलवायचा तेही. पावसात घाट बंद पडला की बेळगाव फार लांब होते.

सिंगल नीडलची एक गोष्ट आधीच कळलेली बरी. प्रत्येक रंगाला दोरा आपणच बदलायचा. तीस हजार टाक्यांची पाठ, सात रंग. मशीनवर मिनिटाला आठशे टाके लिहिलेले असले तरी वळणे, उड्या आणि थांबे धरून सरासरी पाचशे मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे तासभर सुईचा आणि दहा-बारा मिनिटे दोरा ओवण्याची. या तासात तुम्ही शेजारच्या मशीनवर हुक लावाल, फॉल-पिको कराल, हे खरे. स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी द्याल, हे खोटे. बॉबिन संपल्यावर काही मशीन थांबतात, पण दोरा सुईखाली गोळा झाला तर प्रत्येक मशीन वेळेत थांबतेच असे नाही. हातात असलेले डिझाइन सात रंगांवरून चारवर आणता येते का ते बघायची सवय मला सिंगल नीडलनेच लावली. फाइल घेताना मशीनचा प्रकार बघा: ब्रदरला पीईएस, जानोमेला जेईएफ. डीएसटी बहुतेक ठिकाणी चालते, पण तिच्यात रंग कुठे बदलायचा एवढेच असते, कुठला रंग ते नसते. पडद्यावर पान जांभळे दिसले म्हणून घाबरू नका.

हूप मोठा झाला की जागाही मोठी लागते, हे कोणी सांगत नाही. २० × २८ चा हूप भरताना मागे आणि डावीकडे सरकतो. मशीन भिंतीला टेकवून ठेवली तर तो भिंतीवर आपटतो, मशीनला ते कळत नाही आणि पुढचे सगळे टाके बाजूला सरकून पडतात. माझ्याकडे भिंत नव्हती, टाचण्यांचा स्टीलचा डबा होता. एका गणेश मखराच्या पडद्यावर कमळाच्या सहा पाकळ्या नीट झाल्या, सातवी अर्धा सेंटिमीटर बाजूला. उसवायला दोन दिवस गेले आणि कापडाला भोके राहिली ती राहिलीच. तेव्हापासून हूप लावला की आधी मशीनवरचे ‘ट्रेस’ बटण दाबते. हूप डिझाइनची चौकट सुई न टोचता फिरून दाखवतो, जे काही आपटायचे ते तेव्हाच आपटते. टेबल जड हवे. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर मशीन ठेवणार असाल तर तो विचार सोडा. मोठा हूप झटक्याने दिशा बदलतो, फळ्या हलतात आणि बारीक अक्षरांच्या कडा थरथरतात. खाली, फरशीवर ठेवा.

कुणबी साडीच्या कापडाचे काम हल्ली मागतात. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा चर्चेत आणली तेव्हापासून लाल-पांढऱ्या चौकड्यांची ओढणी, पिशवी, उशीचा अभ्रा, काही ना काही चालूच असते. चौकड्यांचे कापड हूपमध्ये लावताना जेवढी मदत करते तेवढीच चुगली करते. आखायला रेघा तयार मिळतात, पण डिझाइन एका अंशाने जरी तिरके गेले तरी गिऱ्हाइकाला लांबून दिसते. साध्या कापडावर खपलेला जोड चौकड्यांवर खपत नाही. म्हणून हे काम मी कधीही तुकड्यांत करत नाही; एका हूपमध्ये मावत नसेल तर डिझाइनच लहान करायला सांगते. हातमागाची वीण मोकळी असते, तिला दाट भरण सोसत नाही, बाह्यरेषेचे हलके काम सोसते. सुई ७५/११ पुरे.

देवळाचे मोठे पडदे, ३५-४० सेंटिमीटरचा ओंकार वगैरे, नेहमीच्या घरगुती हूपमध्ये बसत नाही आणि बसवायचा हट्टही करू नये. तो सॅटिन कापडाचा कापून ॲप्लिकने लावायचा, कडा दोन-तीन वेळा हूप लावून भरायच्या. जोड कापडाच्या कडेखाली लपतो आणि टाकेही वाचतात. मखमलीवर तर हूप लावूच नका, कडेचा वळ कायमचा राहतो. चिकट स्टॅबिलायझर हूपमध्ये लावून त्यावर मखमल नुसती टेकवायची. लोहचुंबकाचे हूप मिळतात, टॉवेलला आणि जाड कापडाला ते फार सोपे जातात. फक्त बोटे सांभाळा आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर आणू नका.

पावसाळ्याबद्दल दोनच वाक्ये, बाकी तुम्हाला माहीत आहे. विरघळणारा स्टॅबिलायझर जूनमध्ये उघडा राहिला तर आपापसात चिकटून त्याचा पापड होतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्या घालून ठेवा, सुयाही त्यातच. आणि वीज जाते तेव्हा बहुतेक मशीन थांबल्या टाक्यापासून पुढे सुरू करता येते, पण तोवर हूपला धक्का लागता कामा नये, म्हणून छोटा यूपीएस घ्या. मशीनच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात, त्यावरून विजेच्या दुकानात बरोबर मिळतो.

तर ताई, तुमच्यासाठी माझे मत: सिंगल नीडल, २०० × २८० ची, सोबत लहान हूप. पैसे त्यात बसत नसतील तर १३० × १८० घ्या आणि बाहीच्या काठांचे काम सलग न घेता सुट्या बुट्ट्यांचे घ्या. ते दिसतेही छान. १०० × १०० मात्र ब्लाउजसाठी घेऊ नका. हॉटेलचे काम वाढले की मल्टीनीडल वेगळी येईल, तेव्हाही ही मशीन विकावी लागणार नाही.

घेण्याआधी दुकानात आपले कापड घेऊन जा. त्यांच्या नमुन्याच्या जाड सुती तुकड्यावर कुठलीही मशीन सुंदर भरते. तुम्ही क्रेप किंवा सेमी-सिल्कचा पीस न्या, मोहरीला मोहरी लावून दोन बाह्या आखून न्या, आणि त्यावर भरून दाखवा म्हणावे. हूप तुमच्या हाताने लावा, स्क्रू तुमच्या बोटांनी आवळा. भरत असताना खालचा दोरा वर दिसतो का बघा, आवाज ऐका, रंग बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, त्यांना दुकान बंद करायची घाई असते. आणि पीस दोन न्या. पहिल्यावर दुसऱ्या बाहीचे मोर उलटे होतील.